मुल्ला सर आणि सोळाचा आकडा

मुल्ला सरांची आणि माझी पहिली गाठ कोरेगावच्या शाळेत, नववीच्या वर्गात पडली. टेबलाच्या कडेला दाबून धरलेली पोलादी पट्टी छेडून त्यांनी विचारलं, "सेकंदाला किती वेळा हलली?" मी म्हणालो, "लय!" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "लय हा आकडा नव्हे. मोजून सांगा." पोरासोरांनाही सर अहो-जाहोच करत. पट्टी लांब बाहेर काढून, तिचे हेलकावे मोजायला लावून त्यांनी माझ्याकडून वारंवारता काढून घेतली, तेव्हा कुठे मला खाली बसू दिलं.

निवृत्तीनंतर सर उंब्रजला राहायला गेले. त्यांच्या गल्लीत शमशादबींची पिठाची गिरणी. ती सुरू झाली की शेजारच्या पाटीलकाकांचा लाकडी माळा थरथरे. फौजेतून आलेले काका गिरणी बंद करा म्हणून हटून बसले. सरांनी मला कडेगावहून बोलावून घेतलं. मी नुकताच विज्ञानशिक्षक झालो होतो आणि तोराही भरपूर होता. माळ्यावर कंपनं टिपणारं ॲप लावलेला मोबाइल ठेवून जवळच पोतं आपटलं. पडद्यावर उमटलेल्या नागमोडी रेघेवरून मी सांगून टाकलं, माळा सेकंदाला सोळा वेळा हलतो. गिरणीचे फेरे सेकंदाला दहा होते. दोन्ही आकडे जुळले की माळा सगळ्यात जास्त हादरणार; तेव्हा सोळापासून आणखी लांब जावं म्हणून चाक बदलून आम्ही ते आठ केले.

गिरणी सुरू केली आणि काकांच्या माळ्यावरची भांडी धडाधड खाली आली.

"सर, घर पाडायला निघालाय व्हय? आता गिरणी बंद म्हंजे बंद!" काका ओरडले.

"आवं सर, मी काय करू आता?" शमशादबी रडकुंडीला आल्या. त्यांचं घर त्या गिरणीवरच चालत होतं.

रेघेचा वर जाणारा आणि खाली येणारा भाग मी वेगवेगळा मोजला होता. दोन्ही मिळून एक कंपन, हे मीच वर्गात शिकवत होतो! माळ्याची खरी वारंवारता आठ, आणि गिरणी आम्ही नेमकी तिथंच आणून ठेवली होती. सरांनी रेघ पाहिली आणि गल्लीसमोर हात जोडले. "मोजणी माझी चुकली. एक दिवस द्या." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी फेरे बारा केले. सुरू होताना माळा क्षणभर हलला आणि शांत झाला. काकांनी स्वतः गव्हाचा डबा दळायला आणला. जाताना मात्र म्हणाले, "वय झालं सरांचं, चुकायचंच." मी ऐकलं आणि गप्प बसलो. सरांनी पुढं कधी तो विषयही काढला नाही.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ काकांच्याही हाती पडेल. काका, तो सोळाचा आकडा माझा होता. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि 'तो आकडा माझा होता' हे त्यांच्या गल्लीत उभं राहून मोठ्यानं म्हणायचं धाडस मला लाभो.