उसनं नाक

समोर कुठलीही माती दिसली की मॅडमचा हात तिच्यात गेलाच म्हणून समजा. चिमूट उचलायची, तळहातावर चोळायची, डोळे मिटून नाकाशी न्यायची आणि वैद्यानं नाडी सोडावी तसा हात खाली घेऊन निकाल द्यायचा. "जिवंत हाय." नाहीतर, "दमलीय बिचारी."

एका स्नेहसंमेलनात व्यासपीठावर त्यांच्या खुर्चीशेजारी शोभेची कुंडी ठेवली होती. पाहुणे म्हणून आलेले पुढारी रंगात येऊन बोलत होते. मॅडमनी भर सभेत कुंडीत बोटं घातली, वास घेतला आणि जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "मेलेली हाय." पुढारी थबकले. माईकवर हात ठेवून त्यांनी प्राचार्यांना हळूच विचारलं, "कोण वारलं?" मागच्या दोन रांगा तर श्रद्धांजलीसाठी उभ्याही राहिल्या होत्या.

तुमच्या पाहण्यातही असं एखादं माणूस असेल, की ज्याच्यामुळं आपली नोकरी सुसह्य होते. मी मराठी शिकवतो. आमचं कॉलेज तेलगावच्या वाटेवर, एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला कापूस. मराठी विभागाची खोली नेमकी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला चिकटून आणि मधली भिंत पातळ. इकडे मी विरहिणीचं दुःख उलगडून सांगत असायचो आणि तिकडून कुकरची शिट्टी व्हायची. काचेचं सामान निर्जंतुक करायचं मोठं यंत्र बराच काळ आजारी असायचं, तेव्हा तिथं शिकवणाऱ्या आपल्या मॅडम घरचा कुकर आणून त्यात बाटल्या उकडायच्या. माझी पोरं नाक वर करून म्हणायची, "सर, वरणभात हाय वाटतं आज."

आपली विद्या त्यांनी मला एका दुपारी शिकवली, मी विचारलेलं नसताना. चिमूटभर मातीत जीव इतके, की मोजायची सोय नाही. म्हणून ती चिमूट पाण्यात हलवायची, त्यातलं थोडं दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यात, त्यातलं थोडं तिसरीत...

"कळलं," मी म्हणालो. "पंगती वाढत गेल्या की लग्नातलं ताक होत जातं, तसं."

"तसंच! त्या शेवटच्या पंगतीचं ताक प्लेटवर ओतायचं. जीव लांब लांब पडत्यात. उबेला ठेवलं की एकेकाचं घर उभं राहतं. मग घरं मोजायची."

प्लेट म्हणजे झाकणाची काचेची बशी, तळाशी खरवसासारखा थर. काही दिवसांत त्यावर पांढरे, पिवळे, गुलाबी ठिपके उमटायचे. मॅडमचे लाडके मात्र खडूची भुकटी सांडल्यासारखे दिसणारे. "मातीला मातीचा वास यांच्यामुळं," असं म्हणत, आत्यानं गुणी भाच्याची ओळख करून द्यावी तशी ती प्लेट त्या माझ्या नाकाखाली धरायच्या.

"पण सर, बहुतेक मंडळी या ताटावर येतच न्हाईत. किती बी चांगलं वाढा."

"मानपान राहिला असेल."

"असंल. मग त्यांना न बोलावताच ओळखायचं."

त्यासाठी माती बारीक मण्यांबरोबर जोरजोरात हलवायची, त्या जीवांची कवचं फोडायची, आतला डीएनए काढायचा आणि बर्फात घालून पुण्याला धाडायचा. तिकडून कुणाकुणाचा आहे त्याची लांबलचक यादी यायची. पहिल्यांदा ती पाहून मी विचारलं, "हे सगळे तिथं आत्ता राहतात?"

"सगळेच न्हाई. मेलेल्यांचा डीएनए बी मातीत पडून राहतो ना. त्यांची बी नावं येतात."

"मग ही तर आपल्या गावची मतदार यादी झाली, मॅडम!"

त्या इतक्या हसल्या, की हातमोजा घातलेल्या हातानंच डोळे पुसले. मग स्वतःवर चिडून मोजे बदलायला गेल्या.

नमुने आणायला त्या स्कूटीवर जायच्या आणि मागं मला बसवायच्या, कारण बर्फाचा डबा धरायला कुणीतरी लागायचं. बर्फ तेलगावच्या रसवंतीवरचा. एका शेताला जाणं जमेना, म्हणून तिथल्या कौसाबाईंकडं पिशवी देऊन ठेवली होती, "मावशी, पसाभर भरून ठेवा." त्यांची माती आली आणि प्लेटा जवळजवळ कोऱ्या राहिल्या. पुन्हा केल्या, पुन्हा कोऱ्या. एवढ्या चांगल्या रानातली माती आणि घरात कुणीच नाही? वासही विचित्र, देवघरासारखा. शेवटी आम्ही दोघं कौसाबाईंच्या अंगणात जाऊन उभे राहिलो.

"मावशी, मातीत काही घातलंवतं का?"

"घालीन कशाला वं? हळदकुंकू तेवढं वाह्यलं मूठभर. अन् पत्र्यावर वाळविली चांगली. ओली कशी द्यावं मान्साला?"

"पण हळदकुंकू काऊन?"

एवढी शिकलेली बाई आणि हे कळू नये, अशा नजरेनं कौसाबाईंनी पाहिलं. "रान सोडून चाललीवती. पोरीला सासरी धाडताना मोकळ्या कपाळानं धाडतेत का?"

हळदीनं आत काय केलं असेल हे सांगायला सूक्ष्मजीवशास्त्र लागत नाही, जखमेवर आपण तीच दाबतो. मला वाटलं, आता तोफ उडणार. मॅडम रानात गेल्या, ओली माती भरली, पिशवीचं तोंड बांधलं आणि ती कौसाबाईंपुढं धरली. "आता लावा. पिशवीला, बाहेरून." कौसाबाईंनी बोटं टेकवली. "न्हाई तर काय," म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रत्येक पिशवीवर बाहेरून हळदकुंकवाची बोटं असायची. पुण्याहून एकदा विचारणा आली, की पिशवीवरची लाल-पिवळी खूण कसली? मॅडमनी कळवलं, "स्थानिक पद्धत."

मग तो ताप आला, ज्यानं सगळ्या जगाला घरात बसवलं. मॅडम त्यातून उठल्या. वाळल्या होत्या, पण कॉलेज उघडलं आणि कुकर पुन्हा शिट्ट्या द्यायला लागला. एका सकाळी त्यांनी मला चहा दिला. मी घोट घेतला आणि माझ्या चेहऱ्याचं काय झालं ते मलाच जाणवलं. दूध नुसतं नासलं नव्हतं, पार कामातून गेलं होतं. मॅडम समोर बसून तोच चहा शांतपणे पीत होत्या.

"काय झालं?"

"कुठं काय? फक्कड."

"खोटं नका बोलू, सर. नासलंय का दूध?"

मी मान हलवली. त्यांनी कप खाली ठेवला. "वास गेलाय माझा. तापात गेला तो आलाच न्हाई. कुणाला सांगू नका."

चिमूट अजूनही नाकाशी जात होती, डोळेही मिटत होते. अलीकडं निकाल का येत नाही, ते आता मला समजलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ठरावीक वास रोज घेत राहा, नाक पुन्हा शिकतं. लवंग घ्या, लिंबू घ्या. मॅडमनी त्यात आपल्या बरण्या वाढवल्या. उसाच्या रानातली माती, कापसाच्या रानातली आणि उमापूरची, त्यांच्या माहेरची. रोज सकाळी एकेक झाकण उघडायचं, श्वास ओढायचा. "काय न्हाई." पुढची बरणी. "काय न्हाई." पातळ भिंतीतून मला ते ऐकू यायचं.

एक दिवस उमापूरची बरणी माझ्या टेबलावर आली. "सर, तुमी मराठीचे. शब्द हायत तुमच्याकडं. हिचा वास कसा येतो, सांगा मला."

आयुष्यात अशी फर्माईश पहिल्यांदाच! मी घसा खाकरला. "मॅडम, जणू सृष्टीच्या उदरातून..."

"अलंकार नकोत. कसा येतो तेवढंच सांगा."

माझी सगळी दौलत एका वाक्यात जप्त झाली. मी पुन्हा बरणीत नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. "रांजणाच्या बुडाला असतो तसा," मी चाचरत म्हणालो. "गार. आणि वरून जरासा... नुकत्याच उपटलेल्या भुईमुगाचा."

मॅडमनी डोळे मिटले. "हां. भुईमूगच. वढ्याकडच्या तुकड्यातली हाय ती."

तेव्हापासून मी त्यांचं उसनं नाक झालो. पहिल्या तासाआधी हजेरी. शिजलेलं बीट, ओलं गोणपाट, गंजकं घमेलं, असे शब्द मी घरीदारी हुंगत फिरायचो. बायको म्हणाली, "मांजर झालंय तुमचं." आणि मी एखादा शब्द नुसता बनवून सांगितला, की मॅडमना वास न येताही ते कळायचं. "हे तुमी रचलंय, सर." रचलेलंच असायचं.

त्यातच पुण्याहून नवी यादी आली. मॅडमनी त्या खडूवाल्या लाडक्यांच्या नावावर बोट ठेवलं. "ही बघा, बसलीत हितं. भरपूर हायत. त्यांचं सगळं कळतंय मला, सर. नुसती भेट व्हईना."

मी उमापूरची बरणी ओढली आणि पुन्हा तिच्यात नाक घातलं. माझ्यासारख्या बडबड्याला एवढंच जमलं.

पुढं त्यांना बढती मिळाली, लांबच्या विद्यापीठात. मांजरसुंब्याच्या चौकात मी त्यांना गाडीत बसवून दिलं. बरण्या मांडीवर होत्या. "तिथं कुणाचं नाक धरणार?" मी विचारलं.

"तुमचंच. फोन कशाला हाय?"

आणि खरंच, सकाळी फोन यायचा. "घ्या, सर." मी कॉलेजमागच्या रानात ढेकूळ फोडून, ओणवा होऊन त्यांना वास सांगायचो. एकानं तर बांधावरून ओरडून विचारलं, "सर, रेंज खाली घावती का?"

एका सकाळी मी सुरुवात केली, "आज जरा आंबूस..."

"थांबा. आज मी सांगते."

पलीकडून बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज आला, मग श्वास. पुन्हा एक, सावकाश ओढलेला.

"येतोय," त्या म्हणाल्या. "लई बारीक हाय, पण येतोय."

"कसा येतोय?"

त्या हसत होत्या की रडत होत्या, फोनवर कळलं नाही. "मातीसारखा, सर. मातीसारखाच."

एवढी वर्षं उपमा शिकवतोय. इतकी बिनकामाची आणि इतकी खरी उपमा मी ऐकलेली नाही. घरी जाऊन बायकोला चक्क पेढे दिले. कसले ते मात्र तिला नीट सांगता आलं नाही.

मग फोन कमी झाले आणि थांबले. थांबणारच. आपलं नाक परत आल्यावर उसनं कोण मागतं? सणासुदीला शुभेच्छांचा मेसेज येतो, खाली त्यांचं नाव असतं. भिंतीपलीकडं आता नवं यंत्र आलंय, त्याला शिट्टी नाही.

परवा वेचणी चालली होती त्या कापसाच्या रानात शिरलो. सवयीनं ढेकूळ फोडलं, नाकाशी नेलं. विहिरीतून नुकत्याच ओढलेल्या सुंभाच्या दोराचा वास. नेमका तोच. अलंकार नाही, रचलेलं नाही. वेचणाऱ्या बायका ओळीनं वाकलेल्या होत्या, कुणी वर पाहिलं नाही. मी मूठ मिटून बांधावर उभा राहिलो. ऊन चढत गेलं, मुठीतली माती वाळत गेली, आणि पुन्हा नाकाशी नेली तेव्हा वास उडून गेला होता.