पाखरांचा कोपरा

अमोलची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी रागिणीने दुकान उघडलं. नातेवाइकांनी नावं ठेवली. मी शेजारची झेरॉक्सवाली, सत्यवती. नावं ठेवणाऱ्यांना मी तिथल्या तिथे झाडलं. माणूस गेला म्हणून गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर बिघडायचे थांबतात का? बोलले ते काही खोटं नव्हतं. पण त्या दुकानात बसून ती काय सोसणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या एका गल्लीत आमची दोन दुकानं, मधे एकच भिंत. अमोल आणि रागिणी, दोघंही नवरा-बायको कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. बाहेरगावचं काम अमोलचं. पाठीला बॅग लावून मोटरसायकलवर अचलपूर, दर्यापूर, पार अकोल्यापर्यंत. दुकानातलं काम रागिणीचं. अमोल भारी बडबड्या. घटकाभराच्या कामाला गेला की दिवस मोडून यायचा. "बाहेर काय करते हा मानूस, देव जाने," असं म्हणून रागिणी हसायची. मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत तो गेला.

त्याला एक खोड होती. गिऱ्हाइकाची नवी डिस्क लावताना तिचे भाग पाडतात, तसे तो पाडायचा. पण अगदी शेवटी एक लहानसा भाग वेगळा काढून त्याला नाव द्यायचा, 'पाखरं'. हे घरून आलेलं होतं. त्याचे वडील रामराव दर्यापूरला सोयाबीनच्या कडेने ज्वारीची एक ओळ पेरतात आणि ती कधी कापत नाहीत. ती पाखरांची. अमोलने तीच रीत कॉम्प्युटरात आणली.

"डिस्कवर कोनते पाखरं येनार हायेत?" रागिणी विचारायची.

"येतेत," तो म्हणायचा. बस, एवढंच.

तो गेल्यावर त्याने लावलेल्या डिस्क एकेक करून म्हाताऱ्या व्हायला लागल्या. डिस्क खरखरायला लागली की तिची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवायची आणि नव्या डिस्कवर उतरवायची, म्हणजे कॉम्प्युटर होता तसा पुन्हा उभा राहतो. पण जुनी डिस्क पाचशे जीबीची आणि नवी चारशे ऐंशीची. आत सामान मूठभर, तरी मशीन अडून बसायचं. पडद्यावर यायचं, नवी डिस्क लहान पडते. मला काही उमजेना, तेव्हा रागिणीने सांगितलं, "काकू, घर बदलाचं हाय. सामान दोन खोल्यात मावते. पन एक तांब्या पार शेवटच्या खोलीत ठेवला हाय. मंग मशीन म्हन्ते, मले तितक्याच खोल्या पायजेत."

तो तांब्या म्हणजे अमोलची पाखरं. डिस्कच्या टोकाला जाऊन बसलेली.

उपाय सोपा होता. नाव तेवढं, आत काही नाही असं धरून शेवटचा तो तुकडा आधी पुसून टाकायचा, मग नक्कल काढायची. रागिणी तेच करायची. पण करताना मी तिला पाहिलंय. कोणाचाही कॉम्प्युटर उघडला की यादीच्या तळाशी ते नाव दिसायचं आणि हिचा हात थांबायचा. नवरा मरून गेला होता आणि तरी गिऱ्हाइकाच्या पिशवीत बसून पुन्हा पुन्हा दुकानात येत होता. ती मान भिंतीकडे वळवायची, बोटाने बटण दाबायची, आणि पुसून झाल्यावरच पुन्हा पडद्याकडे बघायची. त्या दिवशी डबा तसाच परत घरी न्यायची. मला राग यायचा अमोलचा. मेल्यावरही बायकोला सुखाने काम करू देत नाही म्हणजे काय!

अचलपूरचा श्याम तेव्हाच आला होता. त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. वडील नुकतेच वारले होते, डोक्यावर केस नव्हते. दुरुस्त झालेला कॉम्प्युटर त्याने तिथेच सुरू करून पाहिला. यादी वरून खाली, खालून वर बघितली.

"वैनी, मांगचे पाखरं दिसून नाई राह्यले."

"ते रिकामंच होतं, भाऊ. त्याच्यानंच अडत होतं, म्हून काढलं," रागिणी म्हणाली.

श्याम भिंतीवरच्या अमोलच्या फोटोकडे बघत राहिला. फोटोला हार होता. "असू द्या, वैनी," म्हणाला आणि पैसे देऊन गेला. रिकाम्या जागेसाठी एवढं तोंड पाडून जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. काय चिकट लोक असतात, असंही मी रागिणीला म्हणाले.

यंदा लग्नसराईच्या तोंडावर अकोल्याहून अफसाना आली. तिचं कशिद्याचं दुकान आहे. सुई मशीन चालवतं आणि मशीनला कॉम्प्युटर नक्षी पुरवतो. डिस्क कण्हत होती. रागिणीने घाईघाईत आहे तशी सगळी नक्कल काढून घेतली, आणि बरं झालं घेतली, कारण संध्याकाळपर्यंत डिस्कने मान टाकली. मग नक्कल नव्या डिस्कवर उतरवायला गेली, तर तेच. जागा कमी पडते.

पुसायला तिने हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"काहून? काय झालं?" मी दारातून विचारलं.

"काकू, हे शेवटचं हाय. त्यानं लावलेली याच्या मांगं एकबी डिस्क राह्यली नाई. हे पुसलं का तो कुठंच नाई."

दुसरी कोणी असती तर म्हणाले असते, रिकाम्या खोलीसाठी कशाला जीव टाकतेस. पण मीसुद्धा माझ्या माणसाची चप्पल अजून फेकलेली नाही.

मग तिने लांबचा रस्ता धरला. ओळखीच्या दुकानातून मोठी, दुप्पट जागेची डिस्क मागून आणली. नक्कल आधी तिच्यावर उतरवली. जागा भरपूर, त्यामुळे मशीनने मुकाट्याने उतरवली. आता मधला मोठा भाग आवळून लहान करायचा, टोकाला बसलेली पाखरं हळूच अलीकडे ओढायची, आणि आवळलेलं सगळं नव्या लहान डिस्कवर न्यायचं. ओढताना वीज गेली तर सगळंच जाणार, म्हणून तिने माझ्या झेरॉक्सची बॅटरीसुद्धा तिकडे जोडून घेतली. दिवसभर माझं दुकान बंद.

ओढताना पहिल्यांदाच तिला पडद्याकडे डोळे लावून बसावं लागलं. प्रत्येक भागाची एक पट्टी दिसते. जितकं सामान असेल तितकी पट्टी रंगलेली, बाकी पांढरी. पाखरांची पट्टी जवळजवळ पूर्ण रंगलेली होती.

"हे रिकामं नाई, काकू," ती म्हणाली. आवाज असा की मी खुर्चीवरून उठले.

"उघड मंग."

"नाई. आपलं नाई ते." नाही म्हणण्याचं कारण एवढंच नव्हतं. ती भ्याली होती, आणि मीही.

अकोल्याला तिच्याबरोबर मी गेले. कागद घ्यायचा आहे असं सांगितलं, पण तिला एकटीला सोडायला मन धजेना. अफसानाने कॉम्प्युटर सुरू केला, नक्ष्या तपासल्या, मशीन चालवून पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात आतल्या खोलीतून तिची सासू रजियाबी भिंतीला धरत धरत आली. डोळ्यांनी अधू.

"माह्ये पाखरं हायेत का गेले?" तिने पहिलं हेच विचारलं.

रागिणीने तो भाग उघडला. आत आवाजाच्या फायली होत्या, ओळीने. तिने पहिली लावली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कोणी घसा साफ केला. आणि अमोल म्हणाला, "हं, बोला खाला. चालू झालं."

इतका जवळून आला तो आवाज की मी दाराकडे पाहिलं. त्यानंतर रजियाबी गात होती, लग्नातलं जुनं गाणं, तिच्या आईकडून आलेलं. ते संपलं, दुसरी फाईल सुरू झाली. पुन्हा तोच. "हं, बोला खाला. चालू झालं." प्रत्येक गाण्याच्या आधी तो येत होता, तितक्याच उत्साहाने. रागिणी उभीच होती. डोळ्यांत टिपूस नाही, तोंड मात्र पांढरं पडलेलं.

"काम झालं का तो जाये नाई," रजियाबी सांगू लागली. "घरातल्या म्हाताऱ्या मानसापाशी बसे. म्हने, तुमाले असं काय येते, जे तुमाले कोनी इचारतच नाई? मंग ते बोलाले लावे, आन् त्या कोपऱ्यात ठेवून जाये. सगळ्याच गिऱ्हाइकाकडे करे म्हने." तिने हात पुढे करून रागिणीचा हात शोधला. "तुह्याजवळ तं सगळ्याइचे असतीन ना, बेटा? जपून ठेव."

रागिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो, खाला," ती म्हणाली. "जपून ठेवले हायेत."

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेलं तरी ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मीही मनात घरं मोजत होते. किती म्हातारे, किती अंगणं, आणि प्रत्येकाच्या आधी घसा साफ करणारा तो. तिने मान वळवून वळवून त्यालाच पुसलं होतं. आणि कोणी तक्रारही केली नव्हती. नवऱ्याच्या दुःखात आहे बिचारी, म्हणून सगळ्यांनी गिळलं असणार. जुन्या डिस्क भंगारात गेल्या. नकला तर पुसून झाल्यावरच काढलेल्या. परत आणायला काहीच उरलं नव्हतं.

बडनेरा आल्यावर तिने विचारलं, "श्यामभाऊच्या डोक्यावर त्या दिवशी केस नवते ना, काकू?"

"नवते," मी म्हणाले. त्याला चिकट म्हणाले होते, तेही आठवलं आणि माझीच मला लाज वाटली.

अमरावतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मी रिक्षा बघू लागले. रागिणीने हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि ती पलीकडे लागलेल्या अचलपूरच्या गाडीकडे निघाली.

"अगं, आता जाऊन काय सांगशीन त्याले? देनार काय हायेस?"

"देयाले काई नाई." ती पायरीवर चढली होती. "ते रिकामं नवतं, इतकं तं सांगतो."