बधिर ओठ

मदिनाची अक्कलदाढ किडली होती. लवंग, मीठ, गोळ्या सगळं करून झालं, तेव्हा सून अर्शीनं तिला ओढतच राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेलं. क्रांती डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, अर्धा जबडा लाकडासारखा झाला, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर दाढ निघाली.

"ओठ संध्याकाळपर्यंत जागा होईल," डॉक्टर म्हणाली.

झाला नाही. दुसऱ्या दिवशी गाल टम्म सुजला, पण खालचा अर्धा ओठ अन् हनुवटी तशीच, मेल्यासारखी. चहा प्याला तर ओघळ गळ्यापर्यंत आल्यावर कळायचं. अर्शीनं मायेनं मऊ ओढणी हनुवटीखालून घेतली आणि डोक्यावर गाठ मारली.

"जरा आधार मिळंल, अम्मी."

कपाटाच्या आरशात मदिनाला स्वतःचं तोंड दिसलं आणि तिनं ती ओढणी ओरबाडून काढली. वस्तीत कुठलीही बाई गेली की मय्यतीला अंघोळ घालायला मदिनालाच बोलावणं यायचं. जबडा मिटलेला राहावा म्हणून अशी गाठ तिनं कितीतरी मेलेल्या बायकांच्या डोक्यावर मारली होती. तिनं बोटांनी हनुवटी चाचपली. बोटांना ती नेमकी ओळखीची वाटली. हनुवटीला मात्र बोटं कळलीच नाहीत.

त्याच दुपारी गडमुडशिंगीहून निरोप आला. तिच्या नात्यातली म्हातारी, जिला सगळे आक्का म्हणत, ती सकाळी गेली होती.

"आज न्हाय जायचं," अर्शी म्हणाली. "तोंड बघा की तुमचं!"

"मयताला माझं तोंड कशाला बघायचंय?" मदिना बोबडं बोलली आणि निघाली.

अंगणात चादरींचा आडोसा केला होता. बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी तयार होतं. सोबतीला आक्काची लेक होती. मदिनानं हातमोजे चढवले, बिस्मिल्ला म्हटलं आणि आक्काच्या ओठांवर अलगद पाणी सोडलं.

तिच्या स्वतःच्या ओठावर चटका बसला.

तिचा हात थांबला. दाढ काढल्यापासून त्या ओठाला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तिनं मनगटानं ओठ पुसून पाहिला. कोरडा होता. भास असेल म्हणून तिनं आक्काच्या हनुवटीवर पुन्हा पाणी ओतलं, आणि तिची स्वतःची हनुवटी पोळली.

"काय झालं, मावशी?" लेकीनं विचारलं.

मदिनानं मोजा काढून तांब्यात बोट घातलं आणि झटकन बाहेर घेतलं. "गार पाणी आण. लई कढत हाय हे."

"आता तिला काय कळणार हाय?"

"आण म्हंते न्हवं!"

गार पाण्याचं विसावण घातल्यावर तिनं पुन्हा पाणी सोडलं. आता नुसती ऊब लागली, ओठाच्या कडेकडेनं पसरत गेलेली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, तरी तिनं हात हलका ठेवून उजवी बाजू, डावी बाजू, सगळं रीतसर उरकलं. कापूर लावला, कफन चढवलं. आक्काचा चेहरा झाकला, तसा मदिनाचा ओठ पुन्हा बधिर झाला.

पुढं पावसाळा सरता सरता तो हळूहळू जागा झाला. आधी मुंग्या आल्या, मग तिखट झोंबू लागलं. "नस दुखावली होती, आली जाग्यावर," क्रांती डॉक्टर म्हणाली. मदिना व्हय म्हणाली. गडमुडशिंगीचं तिनं अर्शीलाही सांगितलं नाही.

ती अजून बोलावलं की जाते. पहिला तांब्या ओतताना मयताच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटते. बायकांना वाटतं, दुवा मागत्या. ती विचारत असते, "सोसतंय न्हवं, बाई?" आणि उत्तर यावं तेवढा वेळ थांबते.