पुढच्या दाराची जैतून आपा

आमच्या संग्रहालयात कुणीही आलं, कलेक्टर असो की शाळेतून दांडी मारलेलं कार्टं, की दारातली जैतून आपा तिकीट नंतर फाडायची, आधी खुर्ची पुढे सरकवायची. "आधी बठा, मंग देखा." आधी बसा, मग बघा. बसल्याशिवाय ती पुढे सोडायचीच नाही. खुर्चीवर तिने स्वतः शिवलेली कापसाची गादी असे. बाप पिंजारी होता तिचा. "मन्हा बापनी अख्खा गावले गाद्या पुरायात, आन लोके आठे उभा ऱ्हातीन?" असं म्हणून ती धट्ट्याकट्ट्या माणसालाही खाली बसवायची.

आपा गेल्या वर्षी गेली. परवा नातीला कपाटात एक जुना फोटो सापडला आणि ती पोट धरून हसत सुटली. फोटोत कडक इस्त्रीच्या साडीतली एक बाई हातात ओवाळणीचं ताट घेऊन, तोंड वाकडं करून उभी आहे. तिच्या अंबाड्यात कोंबडीचं पीस अडकलंय. "आजी, ही कोण गं?" ती मीच. त्या पिसाची गोष्ट म्हणजेच आपाची गोष्ट, म्हणून सांगते.

शहादा आणि लोणखेड्याच्या मधल्या त्या छोट्या संग्रहालयाची मी तेव्हा प्रमुख होते. पन्नाशी जवळ आली होती, पण अक्कल यायची होती. गरज नसताना चष्मा साखळीने गळ्यात अडकवायचे, कारण परगावच्या एका विदुषीला तसं पाहिलं होतं. माझं अक्षर सुंदर, याचा मला फार गर्व. सगळ्या पाट्या मी स्वतः रंगवलेल्या: हात लावू नये, टेकू नये, मोठ्याने बोलू नये. श्वास घेऊ नये एवढंच लिहायचं राहिलं होतं.

आपाचा डावा पाय लहानपणापासून आखूड. पण कुणी कीव केली की ती फणकारायची, "पाय आखूड शे, जीभ नई." ते मात्र खरं. ज्ञानाच्या बाबतीत सगळा आनंदच होता. मासे धरायच्या बांबूच्या सापळ्याला ती कोंबड्या झाकायची टोपली सांगायची, तेही इतक्या रंगवून की लोक मान डोलावत. मी चिडून म्हटलं, "आपा, ती टोपली नाही!" तर म्हणाली, "देखनारा हासनात ना, मॅडम? मंग!" तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. शिवाय भिंत उलट बोलत नाही.

एका सकाळी दारात जीप थांबली. मोलगीकडच्या डोंगरातून वेस्तादादा आले होते. आमच्या मोठ्या दालनात जो ढोल आहे ना, तो त्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरचा, होळीला वाजायचा. मुलं कामासाठी गुजरातेत गेली, वाजवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी तो आम्हाला दिला होता. दिला त्या दिवशी आम्ही तो वाजतगाजत, फुलं उधळत आत नेला होता. नंतर दादांचे पाय गेले. आता सून त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली होती. ढोल एकदा बघायचा, एवढंच त्यांचं मागणं.

समोर दगडी पायऱ्या. ट्रस्टचे सचिवसाहेब आतून हसतमुखाने आले. "मागून सोय आहे की! गोदामाच्या दारातून आणा त्यांना." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या पाटीकडे बोट दाखवलं. 'दिव्यांगांसाठी प्रवेश मागील बाजूने.' अक्षर अर्थातच माझं. वळणदार बाण, खाली वेलबुट्टी.

दादांनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग बाणाकडे. त्यांचं मराठी मोजकंच. म्हणाले, "ढोल पुढून गेला. मी मागून? नाय." सुनेला खूण केली. जीप वळली आणि गेली. आपाने त्यांच्यासाठी पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिच्या हातातच राहिला.

त्या दिवशी तिने कुणापुढेही खुर्ची सरकवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती सचिवांच्या खोलीत शिरली. समोरून उतार बांधा, एवढंच तिचं म्हणणं. सचिव समजुतीने म्हणाले, "अहो, पायऱ्यांची शोभा जाईल. आणि मागून येतंच की येता!"

"साहेब, तुम्हना घरमां पाव्हना मोरीमाईन येतस का?"

सचिवांचे कान लाल झाले. "तुमचं काम तिकिटं फाडायचं आहे."

"पाव्हनाले आत लेवानं काम शे मन्हं," आपा म्हणाली. "तो परत गया. मंग मी आठे काय करी ऱ्हायनू?"

नोकरी जाईल, असं मी तिला बाहेर येऊन बजावलं. घर तिच्या एकटीवर चाललेलं. ती नुसती म्हणाली, "मॅडम, तुम्हनं अक्षर चांगलं शे. मन्हा कामले ई."

तुझ्या कामाला कसं येईल, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी स्तुतीने फुगले होते.

महिन्याभराने नव्या दालनाचं उद्घाटन होतं. मोठे पाहुणे यायचे होते. मी ताट घेऊन फाटकाशी, बँडवाले तयार, सचिव नव्या जाकिटात. गाडी आली, पाहुणे उतरले, आम्ही पायऱ्यांकडे वळलो, तर दार बंद. आणि दारावर, मधोमध, माझी पाटी. वरचा शब्द कागद चिकटवून बदललेला. 'सर्वांसाठी प्रवेश मागील बाजूने.' बाण तोच, वेलबुट्टी तीच.

सचिवांनी दार ठोठावलं. "जैतूनबी! उघडा दार!"

दाराला आतून खुर्ची लावून ती गादीवर बसली होती. आतून आवाज आला, "साहेब, आधी बठा, मंग देखा."

पाहुण्यांना घाई होती. गेलो मग सगळे मागून. ती गल्ली मी तोपर्यंत कधी पाहिलीच नव्हती. अहो, बाण काढणारी मी, बाणाच्या दिशेने कशाला जाऊ? शेजारी चिकनवाल्याचं दुकान, नवापूरहून आलेल्या कोंबड्यांच्या जाळ्या गल्लीतच उतरवलेल्या. नेमका बँडवाल्याने मोठा सूर लावला आणि कोंबड्या बिथरल्या. पिसंच पिसं. सचिवांचा नवा बूट गटारीत गेला. पुढे गोदाम, मोडकी कपाटं, डोक्याला लागणारी चौकट. त्या अंधारात मी पाहुण्यांना ओवाळलं, आणि फोटोवाल्याने तेवढ्यात कळ दाबली.

पाहुणे कपाळ चोळत मोठ्या दालनात आले तेव्हा आपा हात बांधून उभी. त्यांनी विचारलं, "रोज इथून कोण येतं हो?"

"ज्यासले पायऱ्या चढता येत नई, त्या," आपा म्हणाली. "एक उना व्हता. हाऊ ढोल त्यानाच शे. न देखता परत गया."

पाहुणे ढोलाजवळ गेले. मग माइकवर म्हणाले, "पुढच्या वेळी मी समोरून येईन. आणि ज्यांना मागून यावं लागतं, ते सगळे माझ्याबरोबर समोरून येतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सचिवांनाही वाजवाव्या लागल्या.

संध्याकाळी आपाला कामावरून काढलं. मी रडवेली होऊन काहीबाही बोलत होते. तिने खुर्चीवरची गादी काखेत मारली आणि म्हणाली, "पहिले केसमायलं पीस काढा, मंग रडा."

गाद्या शिवून तिने घर चालवलं. इकडे होळीच्या आत समोर उतार झाला. पायऱ्यांची शोभा होती तिथेच राहिली, कुणाला फरकही कळला नाही.

उताराचं सिमेंट वाळलं तशी जीप पुन्हा आली. वेस्तादादा, सून आणि मागून आपा, ठेवणीतली ओढणी घेऊन. आपाने तिकीट काढलं आणि ते माझ्या नाकासमोर धरलं. "आते मी नोकर नई, पाव्हनी शे. पाव्हनीले काय म्हनतस?"

मी खुर्ची सरकवली. "आधी बसा, मग बघा."

"बठाव नई! आज मी उभी ऱ्हाईसन देखसू."

दादा चाकाच्या खुर्चीतून उतार चढून, पुढच्या दाराने आत आले. ढोलाजवळ थांबले. कातड्यावर हात फिरवला. बरोब्बर मागच्या भिंतीवर माझी पाटी होती, 'हात लावू नये.' मी सरकले आणि पाठीने ती पाटी झाकून भिंतीला टेकून उभी राहिले. टेकू नये, अशी पाटीही शेजारीच होती.

दादांनी थाप मारली. सगळी इमारत घुमली, काचा थरथरल्या.

सचिव खोलीतून धावत आले. "कोण वाजवतंय ढोल?"

"ज्याना शे, तो!" आपा म्हणाली.

सचिवांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पदराने पुसू लागले. आणि दादांनी दुसरी थाप मारली, पहिलीपेक्षा जोरात.