राखीव खेळाडूचं मानपत्र

वेलिंग्टनच्या आमच्या उपनगरातल्या फुटबॉल क्लबचा मी सेक्रेटरी आहे. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. निवडणुकीच्या सभेला गैरहजर राहिलो, एवढीच माझी पात्रता. गेल्या वर्षी अध्यक्षांच्या मनात आलं की क्लब ज्यांनी सुरू केला त्यांच्या नावाचा फलक क्लबहाउसच्या भिंतीवर लावायचा. मजकूर त्यांनी स्वतःच लिहिला: 'इंग्लंड गाजवणारा महान आंतरराष्ट्रीय खेळाडू'.

फलकावरचा पडदा ओढायचा मान त्या खेळाडूच्या नातीला होता. ऐंशीच्या घरातल्या या बाई आमच्या शेजारीच राहतात. मजकूर वाचून त्यांनी मला कुंपणाशी गाठलं. हे असंच राहणार असेल तर आपण येणार नाही, म्हणाल्या. आजोबांच्या मांडीवर त्या वाढल्या होत्या, आणि फलकावरचा हा गृहस्थ कोण ते त्यांना माहीत नव्हतं.

खरी हकिगत त्यांनी चहा पिताना सांगितली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबा उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणगावात पगारी बचावपटू होते. पगार हंगामापुरता; उन्हाळ्यात तो बंद, मग विटा वाहायच्या. मुख्य संघात कुणी आजारी पडलं तर यांची वर्णी लागायची, एरवी राखीव संघ. देशाकडून खेळणं दूरच राहिलं. एका चिखलातल्या सामन्यात गुडघा गेला आणि क्लबला त्यांची आठवण येईनाशी झाली. मग बोट, वेलिंग्टन, रेल्वेचा कारखाना. शनिवारी दुपारी ते कामगारांच्या पोरांना माळावर जमवून खेळायला शिकवत. त्यातून आमचा क्लब उभा राहिला.

मी अध्यक्षांशी बोललो. थोड्या अतिशयोक्तीने कुणाचं बिघडत नाही, असं त्यांचं मत पडलं. शिवाय राखीव खेळाडूसाठी नगरसेवक कशाला वाट वाकडी करतील?

तेव्हा बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांचं अर्धं आयुष्य सत्कार समित्यांवर गेलं. शाल-श्रीफळ न घेता माणूस निवृत्त होऊ शकतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही. ते अध्यक्षांचीच बाजू घेणार याची मला खात्री होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"मानपत्रं फार लिहिली रे मी," ते म्हणाले. "वाचन सुरू झालं की सत्कारमूर्ती मागे वळून बघायचे, दुसरं कोण आलंय म्हणून. एकदा खरं लिहून बघू दे."

त्यांनी मराठीत लिहिलं, मी इंग्रजीत केलं. मानपत्राचा सगळा डौल त्यात होता, पण डौलात चालत होता तो राखीव संघ, विटा आणि गुडघा. पोरांना शिकवलेल्या शनिवारांना बाबांनी सर्वांत जास्त जागा दिली होती.

अध्यक्षांकडे ते माझ्याबरोबर स्वतः आले. खरं लिहिल्याने समारंभ लहान होत नाही, हे त्यांनी अनुभवी माणसाच्या अधिकाराने समजावलं. पडदा राहील, नगरसेवक राहतील, चहा राहील, वर अध्यक्षांना शाल आपल्यातर्फे. शाल नेमकी केव्हा आणि कुणाच्या हस्ते, हे अध्यक्षांनी बारकाईने विचारून घेतलं आणि मजकूर मंजूर झाला.

राहिल्या शेजारच्या बाई. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी कागद सावकाश वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला. राखीव संघापाशी त्या थांबल्या आणि मान हलवली. शेवटच्या ओळीवर मात्र त्यांनी बोट ठेवलं.

"हे 'शांत आणि संयमी' काढा. रेफरीला ते काय म्हणायचे, ते मी अजून कुणासमोर उच्चारलेलं नाही."

"हाताची सवय हो बाई," बाबा म्हणाले आणि दोन्ही शब्दांवर रेघ मारली. त्या जागी काय लिहावं यावर दोघांची बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं: 'रेफरींशी त्यांचं कधी पटलं नाही.'

बाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि हसल्या. मग समारंभ किती वाजता आहे, ते विचारलं.