फंक ऐकायचंय? आधी उखळ आठवा

मंडळी, मी रोज फंक लावते, म्हणजे ते अमेरिकेतलं ठेक्याचं संगीत. आज नवी नातसून म्हणाली, "आजी, मलाही ऐकायचंय. कोणत्या बँडपासून सुरू करू?"

चहाला आलेले शेजारचे गुरुजी मधेच बोलले, "आक्का, या वयमा हाई काय ऐकी ऱ्हायनात? भजन लावा ना!"

मी तिलाच सांगितलं, "बँड कुठलाही चालेल, पण अख्खा अल्बम लाव. गाणाऱ्याला सोड, आधी बास गिटार आणि ड्रम ऐक."

साठच्या दशकात धानोऱ्यात माय आणि मी एकाच उखळात मिरची कांडायचो. तिचं मुसळ वर गेलं की माझं खाली. मधली फट चुकली की मुसळावर मुसळ आदळायचं. फंकमध्ये मला तीच फट ऐकू येते.

तेव्हा ठसक्याने जीव जायचा, तरी ताल सोडला नाही. आता गुरुजींसाठी सोडू?