जयश्रीमॅडमचं चुंबक

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से कपाटावरच्या धुळीसारखे साठतात. मुद्दाम कोणी आणत नाही, आणि पुसत तर कोणीच नाही. त्यात रसायनशास्त्राच्या जयश्रीमॅडम बेंगळुरूची नोकरी सोडून लोणखेड्याला आमच्या कॉलेजात आल्या, पाठोपाठ त्यांचं मशीन आलं, आणि साठा फारच वाढला.

मशीन दिसायला मायक्रोवेव्हएवढं, आत जबर चुंबक. दोन रसायनं केसाएवढ्या बारीक नळीत एकत्र सोडायची आणि त्यांचं काय होतं ते मॅग्नेटिक रेझोनन्सने, हात न लावता, स्क्रीनवर बघायचं, असं त्यांचं संशोधन. मी फिजिक्स शिकवतो म्हणून मला एवढं तरी कळलं. बाकीच्यांना एवढंच कळलं की त्या खोलीत एसी आहे.

*

उद्घाटनाला एक पुढारी आले. नारळ फुटला, हार झाले. मग ते मशीनकडे वाकून म्हणाले, "रिॲक्शन कुठे आहे?"

"आत चालू आहे. डोळ्यांना दिसत नाही."

"रंग बदलतो?"

"नाही."

"मग धूर वगैरे?"

प्राचार्य मध्ये पडले. त्यांनी बारावीच्या लॅबमधून एक चंचुपात्र मागवलं आणि त्यात दोन थेंब टाकून पाणी गुलाबी करून दाखवलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या चंचुपात्राचा फोटो होता, खाली ओळ: 'अत्याधुनिक चुंबकीय संशोधन'.

*

मग गावात बातमी पसरली की कॉलेजात एमआरआय आलंय. एक आजोबा काठी टेकत आले. "बेटा, मन्हा गुडघाना फोटो काढी दे."

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मशीनचं भोक दाखवलं. पेन्सिल जाईल एवढं.

आजोबांनी भोक पाहिलं, गुडघा पाहिला. "मंग करंगळीना तरी काढ. इतला लांबथीन उनू."

*

उन्हाळ्यात स्टाफ मीटिंग मॅडमच्या खोलीत व्हायला लागली. "संशोधनात सर्व विभागांचा सहभाग हवा," असं प्राचार्य एसीखाली बसून म्हणाले.

पण खोली तापली की चुंबक बिघडतं, आणि स्क्रीनवरच्या टोकदार रेषा पसरट होतात. पुढच्या मीटिंगला मॅडमनी मागच्या मीटिंगमधल्या तापमानाचा आलेख भिंतीवर लावला, प्रत्येक चढाशेजारी कारण लिहून. इथे सगळे आत आले. इथे चहा आला. आणि हा उंचवटा, प्राचार्यांचं भाषण.

प्राचार्यांनी चष्मा लावून आलेख पाहिला. म्हणाले, "म्हणजे माझ्या भाषणाचा परिणाम होतो."

*

मॅडमचे वडील जवळच्याच कळसाडीचे, ऊस आणि कापूस करणारे. लेक मोठ्या शहरातून परत आली हे त्यांना पटलेलं नव्हतं. का परत आली, असं गाव रोज विचारायचं. लग्न झालं की विचारणारे गप्प बसतील, एवढाच त्यांचा हिशोब. एकदा त्यांनी स्थळाकडचे पाहुणे थेट लॅबमध्येच आणले, कारण प्रयोग चालू होता आणि मॅडम जागच्या हलायला तयार नव्हत्या. मुलाचे मामा सरकारी नोकरीतले, शुद्ध बोलणारे. मला साक्षीला बसवलं होतं.

मामा स्क्रीनकडे बघत होते. वडील मात्र नळीकडे.

"इतली बारीक कसाले व?" त्यांनी विचारलं. बापलेकीत बऱ्याच दिवसांनी झालेलं हे पहिलं बोलणं असावं, कारण मॅडमनी स्क्रीन सोडून त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा, ही दोन्ही मोठ्या भांड्यात एकदम ओतली तर एवढी उष्णता निघते की भांडं फुटतं. बारीक नळीत थोडं थोडं भेटतात. उष्णता बाहेर जाते, दोन्ही नीट एकत्र होतात."

वडिलांनी मान हलवली. नळीवरची नजर काढली नाही.

चहा आला. मामांनी कप उचलला आणि हसून म्हणाले, "छान आहे. पण लग्नानंतर हे सगळं बंद करावं लागेल हं. आणि मुहूर्त याच महिन्यात धरू. उगाच लांबण नको."

मॅडमनी तोंड उघडलं. पण त्या काही बोलायच्या आत वडील उठले. टोपी नीट केली, मामांच्या हातातला अर्धा कप हळूच काढून टेबलावर ठेवला.

"पाहुणा," ते म्हणाले, "तिनी आत्तेच सांगं ना. एकदम ओतं का भांडं फुटस. चला, तुमले स्टँडवर सोडी देस."